टेंभलीचं पॅकेट: डिस्क मरते, नोंद का मरत नाही?

ज्यांना हेडफोन लावायला जमत नाही, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून काढलाय. बोलताना जे 'म्हणजे' आणि 'बघा' जास्त झाले ते थोडे कापलेत. सगळे नाही.

तर, २९ सप्टेंबर २०१०. मी सातवीत. आमचा नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला आणि माझा जन्मही त्याच सालचा, त्यामुळे जिल्ह्याचं वय मला कधी मोजावं लागत नाही. त्या दिवशी जिल्ह्यातल्या टेंभली नावाच्या लहानशा गावात पंतप्रधान मनमोहन सिंग आले, सोनिया गांधी आल्या, नंदन निलेकणी आले, आणि रंजना सोनवणे यांना देशातला पहिला आधार क्रमांक मिळाला. शाळेत आम्हाला एवढंच कळलं की टीव्हीवर आपला जिल्हा दिसतोय. एरवी आमचा जिल्हा टीव्हीवर दिसायचा तो कुपोषणाच्या बातमीत.

त्या दिवसावर खूप लिहून झालंय. राजकारणावर, प्रायव्हसीवर, आधारचा गरिबांना फायदा झाला का यावर. माझा प्रश्न जरा वेगळा आहे, आणि तो माझ्या धंद्याचा आहे. त्या दिवशी त्या गावातून जी माहिती गेली, ती कुठल्यातरी डिस्कवर लिहिली गेली. डिस्क ही फिरणारी वस्तू. तिचं आयुष्य साधारण एखाद्या बऱ्या मिक्सरएवढं. २०१० ची ती डिस्क आज नक्कीच भंगारात असणार. मग नोंद अजून जिवंत कशी?

आधी आकार समजून घेऊ. आधार केंद्रावर दहा बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांची बुबुळं, फोटो आणि नाव-पत्ता घेतला की लॅपटॉपवर त्या सगळ्याचं एक पॅकेट तयार होतं. ते तिथल्या तिथे एन्क्रिप्ट होतं, म्हणजे कुलूपबंद. इंटरनेट नसलं तरी हे चालतं, पॅकेट नंतर अपलोड करता येतं. सातपुड्यातल्या गावांसाठी ही सोय फार मोलाची होती, कारण तेव्हा धडगावच्या वरच्या पाड्यांवर रेंज शोधायला टेकडी चढावी लागायची. असं एक पॅकेट साधारण ५ एमबीचं. आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक छोटा व्हिडिओ. पण १२० कोटी माणसांचं गणित करा: सहा हजार टीबी, म्हणजे सहा पेटाबाइट. आणि ही झाली एकच प्रत. आधारच्या अभियंत्यांनी सुरुवातीच्या काळात तांत्रिक परिषदांमध्ये जो हिशेब मांडला होता, त्यात कच्च्या डेटाचा आकडा १० ते १५ पेटाबाइट होता.

आता मागे जाऊ. १९५६ मध्ये आयबीएमने पहिली हार्ड डिस्क विकायला काढली. रॅमॅक नावाच्या मशीनमध्ये ती होती. २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या, एखाद्या मोठ्या कपाटाएवढा आकार, वजन सुमारे एक टन. आणि मावायचं काय, तर ५० लाख अक्षरं. आजच्या मापाने ५ एमबीच्याही आत. म्हणजे टेंभलीच्या एका माणसाचं पॅकेटसुद्धा त्या एक टनाच्या कपाटात मावलं नसतं. मला हे कळलं तेव्हा मी उगाच दोन मिनिटं खिडकीबाहेर बघत बसलो होतो.

पुढची तीस वर्षं कंपन्यांनी एकच दिशा धरली: एकच डिस्क, मोठी, महाग, भक्कम. ती मेली तर टेपवरून पुन्हा भरायचं. १९७८ मध्ये आयबीएमच्याच नॉर्मन केन औची यांना एक पेटंट मिळालं. बंद पडलेल्या डिस्कवरचा डेटा उरलेल्यांवरून परत कसा मिळवायचा, याचं. कल्पना होती, पण गाजली नाही.

गाजली ती १९८८ मध्ये. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एक निबंध लिहिला. विचार असा की पर्सनल कॉम्प्युटरमुळे छोट्या डिस्क स्वस्त झाल्यात, मग एका महागड्या डिस्कऐवजी शंभर स्वस्त डिस्क एकत्र का लावू नयेत? वेगही वाढेल, पैसेही वाचतील. पण त्यांनीच लगेच गणित मांडलं. १०० एमबीची एक छोटी डिस्क सरासरी ३०,००० तास चालते असं धरा, म्हणजे सव्वातीन वर्षांहून थोडं जास्त. शंभर लावल्या की त्यातली कुठलीतरी एक सरासरी ३०० तासांत मरणार. दोन आठवडेसुद्धा नाही. म्हणजे डिस्क मरणं हा अपघात राहिलाच नाही, ते रोजचं काम झालं. मग मरण गृहीत धरूनच मांडणी करायची. या मांडणीला त्यांनी रेड नाव दिलं. त्यातल्या 'आय'चा अर्थ मुळात स्वस्त असा होता. पुढे ज्या कंपन्यांनी याचे लाखो रुपयांचे डबे विकले, त्यांना 'स्वस्त' शब्द कसा परवडणार? त्यांनी 'आय'चा अर्थ 'स्वतंत्र' करून टाकला.

आता मुख्य युक्ती. ही समजली की अर्धा विषय समजला.

नंदुरबार शहराबाहेर मिरचीच्या पथारी असतात, हिवाळ्यात कधी आलात तर बघा. ओली लाल मिरची जमिनीवर पसरून वाळवतात, लांबून शेतच लाल दिसतं. समजा तीन व्यापाऱ्यांची मिरची तिथे आहे. पहिल्याची ५ पोती, दुसऱ्याची ८, तिसऱ्याची ४. प्रत्येकाने आपापल्या वहीत लिहिलंय. चौथ्या वहीत मी फक्त बेरीज लिहून ठेवतो: १७. उद्या दुसऱ्याची वही उंदराने खाल्ली. काय बिघडलं? १७ मधून ५ गेले, ४ गेले, उरले ८. वही परत मिळाली. तीन वह्यांसाठी तीन जादा वह्या लागल्या नाहीत, एकच पुरली. डिस्कमध्ये बेरजेऐवजी सम-विषम मोजतात, बिटांच्या पातळीवर, पण तत्त्व हेच. या बेरजेला पॅरिटी म्हणतात. सगळ्या डिस्कची तंतोतंत दुसरी प्रत ठेवली, म्हणजे मिररिंग केलं, तर दुप्पट खर्च. चार डिस्कला एक पॅरिटी ठेवली तर सव्वापट.

मग प्रश्न येतो की ही बेरजेची वही ठेवायची कुठे. एकाच डिस्कवर ठेवली तर कुठल्याही डिस्कवर काही लिहिलं की त्या एकीला हात लावावाच लागतो, तिच्यासमोर रांग लागते. याला रेड ४ म्हणतात. रेड ५ मध्ये बेरीज फिरती ठेवतात, एका पट्ट्यासाठी पहिल्या डिस्कवर, पुढच्यासाठी दुसऱ्या. आता गंमत अशी, की १९९२ मध्ये सुरू झालेल्या नेटअ‍ॅप या कंपनीने नेटवर्कवरून फाइल देणारे डबे बनवताना मुद्दाम रेड ४ निवडलं. त्यांची फाइल सिस्टीम आधी बरंच लिखाण साठवून मग पूर्ण पट्टा एकदम लिहायची, त्यामुळे रांगेचा त्रास बराच कमी व्हायचा, आणि नवी डिस्क जोडणं सोपं जायचं. इंजिनिअरिंगला असताना आम्ही 'रेड ४ वाईट, रेड ५ चांगलं' एवढं पाठ करून पेपर लिहिला होता. मार्कही मिळाले.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. सांगायला लाज वाटते, पण हा भाग तिच्यामुळेच सुचलाय.

पहिली नोकरी, पुण्यातली एक छोटी कंपनी. नाव घेत नाही. आमच्याकडे एक काम आलं होतं, एका शिक्षण संस्थेच्या जुन्या शाळांची जनरल रजिस्टरं स्कॅन करायचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: शाळेत नाव घालताना ज्यात नोंद होते ते जनरल रजिस्टर. विद्यार्थ्याचं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, जात, कुठून आला. आमच्या भागात या रजिस्टरला सोन्याची किंमत आहे. जात पडताळणीला अर्ज केला की आजोबांच्या किंवा पणजोबांच्या शाळेचा दाखला शोधत फिरावं लागतं, आणि तो दाखला निघतो याच रजिस्टरमधून. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी घरांतली किती मुलं त्या एका ओळीवर मेडिकलला किंवा नोकरीला लागली असतील. आणि त्या रजिस्टरची शाळेत बहुतेकदा एकच प्रत असते.

स्कॅन ठेवायला आमच्याकडे आठ डिस्कचा एक स्टोरेज डबा होता. प्रत्येक डिस्क २ टीबी, रेड ५. बॅकअपचं विचारलं तेव्हा मीच मोठ्या तोंडाने म्हणालो होतो, "रेड आहे ना, कशाला चिंता." बॅकअप म्हणून एक फोल्डर होता खरा. त्याच डब्यावर.

एका शुक्रवारी संध्याकाळी एक डिस्क गेली. डब्याने इमानदारीत इशाऱ्याचा मेल पाठवला, पण तो ज्याच्या पत्त्यावर जायचा तो मुलगा चार महिन्यांपूर्वीच नोकरी सोडून गेलेला. सोमवारी लाल दिवा बघून आम्ही नवी डिस्क लावली. डबा उरलेल्या सात डिस्क वाचून आठवी परत बांधायला लागला. आणि अर्ध्याच्या पुढे गेल्यावर थांबला. सातपैकी एका डिस्कवरचा एक तुकडा वाचता येईना. डब्याने तीही डिस्क बाद ठरवली, आणि दोन डिस्क गेल्या की रेड ५ मध्ये बेरजेचा काही उपयोग नाही. १७ मधून ५ गेले, आता उरलेल्या १२ मध्ये कोणाचे किती? सांगता येत नाही.

हे नशीब नव्हतं, साधं गणित होतं, आणि ते आधी करता आलं असतं. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की एकावर चौदा शून्यं इतके बिट वाचले तर एखादी न वाचता येणारी जागा लागू शकते. एवढे बिट म्हणजे साडेबारा टीबी. आम्हाला एक डिस्क परत बांधायला सात डिस्क पूर्ण वाचायच्या होत्या, म्हणजे १४ टीबी. प्रत्यक्षात सगळ्या डिस्क काही माहितीपत्रकाएवढ्या वाईट वागत नाहीत, पण पैज लावायला हे आकडे भयंकर आहेत. रेडचा जन्म झाला तेव्हा डिस्क १०० एमबीची होती, एक कोपरा सोडता सगळं वाचून होईपर्यंत फार वेळ लागत नसे. डिस्क वीस हजार पट मोठी झाली, पण आम्ही एकाच बेरजेवर विसंबून होतो.

मोठ्या कंपन्यांना हे कधीच कळलं होतं. २००४ मध्ये नेटअ‍ॅपच्या लोकांनी दोन बेरजांची पद्धत मांडली, एक आडवी आणि एक तिरकी. दोन डिस्क एकदम गेल्या तरी दोन वेगवेगळ्या बेरजांवरून दोन्ही परत मिळतात. रेड ६ मध्येही हेच तत्त्व. २००७ मध्ये बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन, हो, तोच १९८८ वाला गिब्सन, यांनी प्रत्यक्ष वापरातल्या सुमारे एक लाख डिस्कचा हिशेब मांडला. माहितीपत्रकांप्रमाणे वर्षाला एक टक्क्याच्या आत डिस्क बदलाव्या लागायला हव्यात. प्रत्यक्षात दोन ते चार टक्के सर्रास, आणि काही ठिकाणी तेरापर्यंत. शिवाय डिस्क एकट्यादुकट्या मरत नाहीत, एक गेली की पाठोपाठ दुसरी जाण्याची शक्यता वाढते. साहजिक आहे. एकाच कारखान्यातून, एकाच खोक्यातून आलेल्या, एकाच दिवशी चालू केलेल्या, एकाच पंख्याच्या वाऱ्यावर जगलेल्या त्या बहिणी.

आणि इथे खरा मुद्दा आहे, जो मला कॉलेजात कुणी सांगितला नाही. प्रती किती आहेत हे सगळे विचारतात. त्या एकदम मरू शकतात का, हे विचारायला हवं. पथारीवर दहा व्यापाऱ्यांची मिरची असली तरी अवकाळी पाऊस आला की दहाही जणांची भिजते, कारण आभाळ एकच. म्हणून चांगल्या स्टोरेजमध्ये एका गटातल्या डिस्क मुद्दाम वेगवेगळ्या खणांत लावतात. एका खणाची वीज गेली तर गटातली एखादीच जावी. प्रत्येक डब्याला दोन वीजजोडण्या, दोन कंट्रोलर, दोन वायरी. बाहेरून बघणाऱ्याला उधळपट्टी वाटते.

आता आधारकडे परत येऊ. २००३ मध्ये गूगलने त्यांच्या फाइल सिस्टीमवर निबंध छापला. त्यात महागडे डबे नाहीतच. साधे संगणक हजारोंनी लावायचे, फाइलचे ६४ एमबीचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती तीन वेगळ्या संगणकांवर ठेवायच्या. त्यावरून डग कटिंग आणि मंडळींनी हडूप बनवलं, २००६ च्या सुमारास. नाव त्यांच्या मुलाच्या खेळण्यातल्या हत्तीचं. हडूपमध्ये तीन प्रतींची मांडणीही ठरलेली आहे: पहिली लिहिणाऱ्या संगणकावर, दुसरी वेगळ्या रॅकमध्ये, तिसरी त्या दुसऱ्याच रॅकमधल्या दुसऱ्या संगणकावर. एक अख्खा रॅक जळाला तरी किमान एक प्रत राहते. तिन्ही तीन रॅकमध्ये का नाही? कारण रॅकच्या बाहेरचं नेटवर्क महाग पडतं. सुरक्षितता आणि वायरीची किंमत यातली ती तडजोड आहे.

आधारवाल्यांनी हडूप घेतलं. शेजारी मायएसक्यूएल, मोंगोडीबी, सोलर अशी फुकट मिळणारी सॉफ्टवेअर घेतली. त्यांच्या आराखड्यात पॅकेटं हडूपवर होती आणि जुन्या झालेल्या पॅकेटांचा साठा नेटवर्कवरच्या नेहमीच्या स्टोरेजवर. म्हणजे १९८८ चा वारसा आणि २००३ चा वारसा, दोन्ही एकाच इमारतीत. मला यात एक गोड विरोधाभास दिसतो. आधारचं सगळ्यात अवघड काम म्हणजे माणसाची दुसरी प्रत सापडवणं. नवा माणूस आला की त्याच्या बोटांची आणि बुबुळांची तुलना आधीच्या सगळ्यांशी करायची. रोज दहा लाखांपर्यंत नोंदण्या पेलायच्या हिशेबाने हे बांधलं होतं, आणि त्यासाठी सुरुवातीला तीन वेगवेगळ्या कंपन्यांची तुलना-यंत्रं एकाच वेळी लावली होती. माणूस एकदाच हवा. पण त्याच माणसाच्या पॅकेटच्या प्रती मात्र ठिकठिकाणी करायच्या.

या प्रती दोन शहरांत आहेत, बंगळुरू आणि दिल्लीजवळचं मानेसर. हवाई अंतर सुमारे १,७०० किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे नुसतं जाऊन-येऊन १७ मिलिसेकंद, आणि तार काही सरळ रेषेत टाकलेली नसते. आपल्याला हे काहीच वाटत नाही. पण प्रत्येक वेळी लिहिताना 'पलीकडे पोचलं का' याची वाट बघत बसलं, तर हजारो लिखाणांची रांग लागते. म्हणून एवढ्या अंतरावर सहसा आधी इथे लिहितात आणि मागाहून तिकडे पाठवतात. पहिलं शहर अचानक गेलं तर मधल्या काही क्षणांचं लिखाण हरवू शकतं. ते स्वीकारावं लागतं. भूकंपाला दोन्ही शहरं एकदम सापडू नयेत, ही त्या अंतराची किंमत.

मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आधारची बाजू मांडताना तेव्हाचे अ‍ॅटर्नी जनरल के. के. वेणुगोपाल यांनी सांगितलं होतं की हा डेटा १३ फूट उंच आणि ५ फूट जाड भिंतींच्या आत सुरक्षित आहे. सोशल मीडियावर त्याची खूप टिंगल झाली. हॅकर काय भिंतीवरून उडी मारणार का, वगैरे. मीही मीम फॉरवर्ड केले होते. आज वाटतं, भिंतीचा उपयोग आहेच, पण आग आतूनही लागते. २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियात देजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये बॅटरीला आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांची कागदपत्रं ठेवायची जी-ड्राइव्ह नावाची सोय होती, तिचा ८५८ टीबी डेटा गेला. दुसरीकडे प्रत नव्हती. कारण काय दिलं? आकार फार मोठा होता म्हणून. ८५८ टीबी! आपला सहा हजार टीबीचा हिशेब आठवा. एवढा तंत्रात पुढे गेलेला देश, आणि चूक तीच, जी मी पुण्यातल्या एका खोलीत केली होती. सगळं एकाच छताखाली.

अजून एक गोष्ट प्रतींनी सुटत नाही, ती म्हणजे चूक. केंद्रावर नाव चुकीचं टाइप झालं तर ती चूकही तीन प्रतींत, दोन शहरांत, अगदी तंतोतंत जपली जाते. रेडला 'सावित्रा' आणि 'सवित्रा' यांतला फरक कळत नाही. चुकून काही खोडलं तरी तेच, तिन्ही ठिकाणी खोडलं जातं. म्हणून जुन्या अवस्थेचा फोटो काढून ठेवावा लागतो, ज्याला स्नॅपशॉट म्हणतात, आणि एक प्रत अशी ठेवावी लागते जिला चालू यंत्रणेचा हात पोचत नाही.

माझ्या आजीचं सांगतो. आयुष्यभर मिरची खुडली, भांडी घासली, बोटांच्या रेषा पुसट झाल्यात. गावाकडच्या रेशन दुकानात एकदा यंत्र तिचं बोट घेईना. एक बोट, दुसरं, तिसरं. मागे रांग. आजी माझ्याकडे अशी बघत होती जणू तिनेच काही चोरलंय. बंगळुरूत तिची नोंद आहे, मानेसरला आहे, कुठल्याकुठल्या रॅकमध्ये आहे, आणि इथे पाच किलो धान्यासाठी ती आपण आपणच आहोत हे सिद्ध करू शकत नव्हती. त्या लांबच लांब साखळीत सगळं दुहेरी-तिहेरी होतं, फक्त शेवटच्या टोकाला एक बोट, एक यंत्र आणि एक मोबाइल टॉवर. नोंदणी करताना दहा बोटं आणि दोन डोळे घेतले, तो याच अडचणीवरचा उपाय. २०१७ मध्ये आधार प्राधिकरणाने राज्यांना कळवलंही होतं की ठसा जुळला नाही म्हणून कुणाला हक्काचं धान्य नाकारू नका, दुसरा मार्ग वापरा. त्या दिवशी सहाव्या बोटाला हिरवा दिवा लागला. आजीने पिशवी उचलली आणि घरी येईपर्यंत बोलली नाही.

आता रजिस्टरांचं काय झालं ते राहिलंच.

डेटा परत आणणाऱ्या एका प्रयोगशाळेने सांगितलेला खर्च आमच्या कामाच्या बिलापेक्षा जास्त होता. कागद शाळांमध्ये होतेच, म्हणून सगळं परत स्कॅन करायचं ठरलं. मी स्वतः सुट्ट्या टाकून गेलो, कंपनीने पाठवलं म्हणून नाही. पहिल्या वेळी सपाट बसावं म्हणून एका रजिस्टरची शिलाई उसवली होती. सुटी पानं नंतर गठ्ठ्यात बांधून ठेवलेली. मोजली तर अकरा पानं कमी. कपाटं शोधली, रद्दी शोधली, शिपाईमामांनी माळाही शोधला. मिळाली नाहीत. एका पानावर साधारण वीस नोंदी. त्यावर कोणाच्या आजोबांचं नाव होतं, हे आता कुणाला सांगता येणार नाही, कारण ते सांगू शकणारी एकमेव गोष्ट तीच पानं होती. आणि त्यांचे स्कॅन काही आठवडे माझ्या डब्यावर होते.

मुख्याध्यापक सर माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चहा मागवला.

दुसऱ्यांदा स्कॅन झालं त्याच्या आता तीन प्रती आहेत. एक पुण्यात, दोन पॅरिटीच्या स्टोरेजवर. एक क्लाउडवर, वेगळ्या शहरात, जिथून काही खोडायचं तर दोघांची परवानगी लागते. आणि एक साध्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर, संस्थेच्या दुसऱ्या गावातल्या शाळेत, सरांच्या लोखंडी कपाटात, प्लास्टिकच्या डब्यात तांदळाच्या पुरचुंडीसोबत. दमट हवेसाठी तांदूळ ही सरांचीच कल्पना, मी वाद घातला नाही. ती नोकरी मी केव्हाच सोडली. पण दर सहा महिन्यांनी सरांना फोन करतो आणि म्हणतो, सर, डिस्क लावा आणि कुठलंही एक पान उघडून पाठवा. सर कुरकुरतात, चष्मा शोधतात, मग दहा-पंधरा मिनिटांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येतो. कॉम्प्युटरच्या पडद्याचा मोबाइलने काढलेला, जरासा तिरका, कोपऱ्यात ट्यूबलाइटची चमक.

मागच्या महिन्यात आलेल्या पानावर बोरूच्या वळणाचं अक्षर होतं. पंधराव्या ओळीत एका मुलाचं नाव, वडिलांचं नाव, गावाच्या रकान्यात एका पाड्याचं नाव, आणि शाळा सोडल्याच्या कारणात लिहिलं होतं: 'गुरे राखण्यास'. मी सरांना अंगठा पाठवला. सरांनी लिहिलं, "आता दिवाळीनंतर."